आठवी खुर्ची

अक्कलकुवा,
गुरुवार, ३ एप्रिल २०२५

मुजफ्फरभाई यास धाकट्या अजीजचा सलाम.

ईद मुबारक, तीन दिवस उशिरा. इकडे सगळं ठीक. अख्तरबानोचे गुडघे दुखतात, ऊन चाळिशीला टेकलंय आणि हायवेची धूळ वर्कशॉपमध्ये येते तशीच येते. भाभीला सलाम आणि महजबीनला दुआ सांग.

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. मराठीत लिहितोय, कारण उर्दू आपल्याला वाचण्यापुरतीच येते आणि हिंदीत मी लिहिलं की अर्जासारखं होतं.

तर परवा, ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला आमच्या घरी ब्रंच झाला. ब्रंच म्हणजे काय ते तुला माहीत असेल, तू अंकलेश्वरचा शोरूमवाला. मला आता कळलं. नाश्ता द्यायचा नाही, जेवणाची वेळ येऊ द्यायची नाही आणि मधल्या वेळात माणसाला उपाशी ठेवून फोटो काढायचे.

नमिराचं शहाद्याच्या जाहिदशी जमलंय. तो आणि त्याचे आईवडील निकाहची तारीख ठरवायला येणार होते. मी म्हटलं, दस्तरखान अंथरू, दोन थाळ लावू, चौघं एका थाळावर, तिघं दुसऱ्यावर, झालं. पोरगी म्हणाली, "अब्बा, अब नीचे कोई नहीं बैठता."

जन्मभर मी लोकांना डायनिंग टेबलं करून दिली. पैसेवाले त्यावर इस्त्रीचे कपडे आणि लाईटबिलं ठेवतात आणि स्वतः टीव्हीपुढे पलंगावर बसून जेवतात. तसलंच एक आता माझ्या घरात. अस्सल सागाचं, कारण कामात मी खोट ठेवत नाही. तुझ्या शोरूममधल्या भुशाच्या पाट्यांसारखं पावसाळ्यात फुगणारं नाही. खुर्च्या तिने आठ मागितल्या. मी म्हटलं, माणसं सात. आम्ही तिघं, ते तिघं आणि अब्बांच्या वेळचा आपला भिकन मिस्तरी. ती म्हणाली, "आठ, अब्बा." केल्या आठ.

आता मांडणी ऐक. ताटाखाली ताट. खालचं कशाला, तर नुसतं दिसायला. टेबलभर केळीची पानं आडवी टाकलेली, त्यावर काही वाढायचं नाही. नॅपकिनांची बदकं केलेली. जाहिदच्या वडिलांनी त्यांचं बदक हळूच उचलून बाजूला ठेवलं आणि रुमालाने तोंड पुसलं. शीरखुर्मा खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढ्या काचेच्या कपात. अख्तरबानोने दोन दिवस खपून केलेला शीरखुर्मा, आणि माणशी तीन चमचे! मधोमध अब्बांचा तांब्याचा थाळ. त्यात खरबुजाच्या फोडी, द्राक्षं आणि मेणबत्त्या. सकाळी अकरा वाजता, या उन्हात, पेटवलेल्या मेणबत्त्या. पंखा लावायचा नाही, विझतात म्हणून. सगळे घामाने निथळत होते आणि सुंदर दिसत होते.

वर प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी. माझ्या घरात, माझ्या हाताने केलेल्या खुर्चीवर, मी माझं नाव शोधून बसायचं. आठव्या खुर्चीपुढे चिठ्ठी होती, 'बडे अब्बू'.

मी ती उचलायला गेलो तर नमिरा म्हणाली, "हाथ मत लगाओ. मैंने खुद फोन किया है. बोले, देखता हूं."

तू 'बघतो' म्हणालास. तुझं बघणं मला ठाऊक आहे. साडेअकरापर्यंत पोरीने कुणाला घास उचलू दिला नाही. दारात गाडी वाजली की उठायची. मी मनात म्हणत होतो, बघ आता तुझे बडे अब्बू. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

दस्तरखानावर कोण आलं नाही ते दिसत नाही. माणसं थोडी सरकून बसतात, जागा भरून निघते. सात वर्षांच्या ईदा आम्ही अशाच सरकून काढल्या. पण रिकामी खुर्ची सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. शेवटी जाहिदच्या वडिलांनी विचारलंच, "किसकी राह देख रहे हैं?"

मी सात वर्षं जे सांगत आलोय तेच सांगितलं. बडे भाई आहेत, अब्बांच्या मातीला पोहोचले नाहीत आणि चाळिसाव्याला भरल्या थाळावरून उठून गेले, तेव्हापासून येत नाहीत. ते "च्च च्च" म्हणाले. भरल्या थाळावरून उठणारा माणूस म्हणजे काय, हे कुणाला समजवावं लागत नाही.

भिकनने चमचा खाली ठेवला. तो त्या दिवशी शेजारीच बसला होता. सात वर्षांत त्याने यावर तोंड उघडलं नव्हतं.

"अजीज, तो उठना नही," तो म्हणाला. "तू थाळ वढी लिन्हा."

नमिराने माझ्याकडे पाहिलं. मी खरबूज खात होतो. मग तिने थाळातल्या मेणबत्त्या एकेक करून विझवल्या. जाहिदचे वडील भला माणूस. जाताना म्हणाले, "बडे भाई आ जाएं, फिर तारीख रख लेंगे." तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते. टेबलावर, ताटाखाली ताट ठेवून.

भिकन खरं बोलला. तू अब्बांच्या याच थाळात हात घातलास आणि मी थाळ माझ्याकडे ओढला. "बाप की मिट्टी को जो हाथ नहीं लगा, वो इस थाल में नहीं," असं म्हणालो. तुझा हात तसाच पुढे राहिला होता. थोडा वेळ तू तसाच बसलास. मग उठलास.

पण भिकनलाही सगळं माहीत नाही. अख्तरबानोलाही नाही.

अब्बा तीन दिवस पडून होते. तिन्ही दिवस विचारत होते, "मुजफ्फर आया?" मी म्हणत होतो, कळवलंय, निघालाय, रस्त्यात आहे. भाई, मी कळवलंच नव्हतं. फोन खिशात होता. नऊ वर्षं त्यांना न्हाऊ मी घातलं, नखं मी कापली, आणि तोंडात नाव तुझं. मला वाटलं, एकदा तरी 'अजीज' म्हणतील, मग लावतो फोन. ते म्हणाले नाहीत. पहाटे फजरला गेले. तुला मी बारा वाजता कळवलं, आणि दुपारी जोहरच्या नमाजला माती देऊन मोकळा झालो. अंकलेश्वरहून यायला किती वेळ लागतो हे मला पक्कं माहीत होतं. तू आलास तेव्हा कबरीवरचं पाणीही सुकलं होतं.

आणि तोच मी, चाळिसाव्याला सगळ्यांदेखत तुझ्या हाताचा हिशेब विचारत होतो. बदकं करणाऱ्या पोरीला मी इतका हसलो, पण तिने निदान तुझी जागा तरी मांडली.

काल थाळातलं मेण खरवडून काढलं. नव्याने कल्हई लावून आणली. टेबल आहे तसंच आहे. लाईटबिल आलं, ते त्यावर येऊन पडलंय. आठवी खुर्ची मी हलवलेली नाही.

तू ये. हे वाचून मग ये, न वाचता आलास तर मला नको आहे. जाहिदचे आईवडील असतील, भिकन असेल, नमिरा असेल. खाली दस्तरखान अंथरीन, थाळ तुझ्यापुढे ठेवीन आणि आधी हे सगळं त्यांच्यासमोर माझ्या तोंडाने सांगेन. मग हात घालीन. तेव्हा थाळ ओढून घ्यावासा वाटला तर ओढ. मी उठून जाणार नाही. हात पुढे धरून बसून राहीन.

आला नाहीस तरी नमिराचा फोन उचल. तिचा यात काही दोष नाही.

अब्बांनी ज्याला एकदाही हाक मारली नाही, कारण तो समोरच बसला होता, तो तुझा धाकटा,
अजीज