देवाला वाहिलेली खुर्ची

रविवार, २६ ऑक्टोबर

आज उपासनेत पाळकसाहेबांचं प्रवचन स्वर्गातल्या धनावर. इथल्या धनाला कसर लागते, गंज चढतो, चोर नेतात; वरचं धन एकदम सेफ. सगळी मंडळी खाली मान घालून बसली होती. मी ताठ. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं नोटांच्या ढिगाऱ्यात काढली, पण एका नोटेवर कधी मन गेलं नाही. (गेटवर झडती व्हायची, पण तो मुद्दा वेगळा.)

आजपासून: मोह बंद. पहाटे पाचला प्रार्थना. आणि आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात लताबाई एकट्या राहतात, दम्याने बेजार आहेत, त्यांना भेटून येणे.

सोमवार, २७ ऑक्टोबर

पाचची प्रार्थना सातला केली. खुर्चीत बसूनच. ही जावयाने रिटायरमेंटला दिलेली रिक्लायनर. बाजूचा दांडा ओढला की पाठ मागे, पाय वर. देवाच्या इतका जवळ गेलो की अंजलीने दोनदा हलवलं तेव्हा जाग आली. म्हणजे भानावर आलो. ती म्हणाली, देवाला घोरण्यातलं ऐकू जातं का. बायकोपुढे अध्यात्म बोलू नये हेच खरं.

लताबाईंकडे उद्या.

बुधवार, २९ ऑक्टोबर

अंजली मेथी निवडायला माझ्या खुर्चीत बसली. शांतपणे समजावलं की माती कापडात जाते. ती म्हणाली, हा मोह का? म्हटलं, ही शिस्त. दोन्हींत फरक असतो. उरलेली मेथी मला निवडायला लावली.

लताबाईंकडे जाणार होतो, पण गुडघा.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज घरप्रार्थना आमच्याकडे. सगळ्यांपुढे विश्वासाची साक्ष देताना शब्द आपोआप सुचत गेले. सांगितलं की या जगातली एकही वस्तू मला बांधून ठेवू शकत नाही, प्रभूने मागितलं तर आत्ता देईन. स्वतःलाच गहिवरून आलं. तेवढ्यात सहादू भालेराव (सिन्नरला कॅन्टीन चालवतो, तोंड नको तिथे उघडतो) म्हणाला की मग प्रफुल्लभाऊ, ही खुर्ची? पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. हंगामाच्या सणाला अर्पण करा म्हणाले, मंडळीला केवढा कित्ता मिळेल! सगळे आमेन म्हणाले. सगळ्यांत मोठा आमेन अंजलीचा.

रविवार, २ नोव्हेंबर

जेवणात लक्ष नाही. मोह नव्हे, ॲसिडिटी.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सुचलं! सणाला शेतकरी ज्वारी, भोपळे, कोंबड्या आणतात, बाकीचे केक नाहीतर लोणचं. उपासनेनंतर चर्चच्या आवारात सगळ्याचा लिलाव होतो. मग माझी खुर्ची मीच बोली लावून घेणार. जुन्या खुर्चीला दोन हजारांवर कोण जातंय? अर्पणही झालं, खुर्चीही घरी. सापही मरावा आणि काठीही मोडू नये. ही बुद्धी वरूनच आली असणार, मी एवढा हुशार नाही.

त्या आनंदात दुपारी खुर्चीत दोन तास मनन.

शनिवार, १५ नोव्हेंबर

खुर्ची टेम्पोतून चर्चमध्ये पोचवली. ऊन लागू नये म्हणून वर चादर घातली. टेम्पोवाल्याने विचारलं, आत कुणी आहे का. काय एकेक माणसं!

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी चार

लिहवत नाही, पण लिहितो.

खुर्ची पुकारली. मी हजार म्हटलं. सहादूने दीड. मी दोन, तो तीन. त्याच्या घरात बसायला जागा नाही, रिक्लायनर कुठे ठेवणार? पण त्याला चेव चढला आणि खरं तर मलाही. साडेनऊ हजारांना मला सुटली. टाळ्यांचा कडकडाट. मी दांड्यावर हात ठेवून उभा, जीव भांड्यात पडला.

मग सहादू उठला. फार नम्रपणे म्हणाला की दोन वर्षांपूर्वी मी माझाच कोंबडा लिलावात परत घेतला, तेव्हा प्रफुल्लभाऊंनीच तत्त्वाचा मुद्दा काढला होता. देवाला वाहिलेलं घरी परत जात नाही. चर्चच्या पंचकमिटीने तसा नियम केला. सही त्यांचीच आहे.

होती. सहादूचा कोंबडा फार माजला होता आणि सहादूही, म्हणून केला होता तो नियम. खुर्च्यांचा विचारच कुणी केला नव्हता.

पाळकसाहेब म्हणाले, अहो, त्यांना परत कुठे न्यायचीय? कुणा गरजूसाठीच घेतली असणार, काय प्रफुल्लभाऊ? मागून अंजली म्हणाली, लताबाईंसाठी. त्यांना आडवं झालं की श्वास कोंडतो, भिंतीला टेकून रात्र काढतात. पुन्हा टाळ्या. दोन बाया रडल्या. मीही डोळे पुसले, कारण विचारायला कुणी आलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्लास्टिकच्या खुर्चीत मनन होत नाही. पाठ धरते. लताबाईंना भेटून आलो. आजाऱ्यांना भेटणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्यच आहे. दांडा झटक्याने ओढू नका, हेही सांगितलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

लताबाईंकडे सलग चौथा दिवस. त्या खुर्चीत गाढ झोपल्या होत्या. मी स्टुलावर बसलो. खुर्चीच्या हातावरच्या कापडाला चहाचा डाग दिसला. रुमाल ओला करून हळूच पुसायला लागलो, तर त्या जाग्या झाल्या. म्हणाल्या, राहू द्या हो भाऊ. चार महिन्यांत पहिल्यांदा पाठ टेकून झोपतेय. मुलगा मनमाडला रेल्वेत आहे, त्यालासुद्धा यायला सवड होत नाही, आणि तुम्ही रोज येता, डाग पुसता. देव बघतोय. बोलता बोलता त्यांना धाप लागली आणि रडूही आलं.

मलाही भरून आलं, खोटं कशाला लिहू. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. तर त्यांनी माझा हात धरला आणि उद्याही या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

मी खुर्चीला भेटायला जातो.