एका नंबरवर एकच विद्यार्थी

मंगळवार, संध्याकाळ

विद्यापीठाच्या नव्या पोर्टलवर एका मोबाईल नंबरवर आता एकाच विद्यार्थ्याची नोंदणी होते. झरी गावाकडच्या ज्या दोन विद्यार्थिनींचे अर्ज मी आज कॉलेजात भरून देत होते, त्यांनी गावातल्या अंगणवाडीताईंचाच नंबर दिलेला, कारण रेंज फक्त त्यांच्या घरी. पहिलीचं जमलं, दुसरीचं, सुनीताचं, अडलं. परीक्षेचा अर्ज आजच बंद होणार होता.

"मॅडम, मंग मी कोनाचा देऊ?"

आमच्या कॉलेज ऑफिसातले मोठे बाबू हसले. "एवढा कळवळा येते तं तुहाच नंबर देऊन दे ना, पोरी!"

दिला. चुकलं का? आमच्या घरातली पहिली पदवी माझी. माझाही अर्ज परक्यानेच भरला होता.

निघताना सुनीता म्हणाली, "निकालाचा मेसेज तुमच्याच नंबरवर येईन, पहिले तुमालेच समजन. नापास झाली तं घरी सांगू नका."

हो म्हटलं. तिचा निकाल तिच्याआधी मला कळावा, हे बरं नाही.