बाईंनी पाहिलेल्या नऊ हजार ओळी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठापैकी पाचच अंगांनी घातला आहे. उरलेली तीन अंगं प्रत्यक्ष भेटीत.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली आणि निघाल्या निघाल्या तू खिडकीच्या काचा किती मळल्या आहेत यावरून शेजारणीला ऐकवलंस, हे आईकडून कळलं. ऐकून बरं वाटलं. थेंब वेळेवर घालतेस ना? खाली वाकत नाहीस ना? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तुझी भाचेसून ठीक आहे, दोन्ही मुलं ठीक आहेत आणि मी बुडालो आहे.

फोन न करता पत्र का लिहितो आहे, असं तुला वाटेल. फोनवर तू दुसऱ्या वाक्याला माझा आवाज ओळखतेस आणि तिसऱ्या वाक्याला “काय करून ठेवलंस?” असं विचारतेस. कागदाला आवाज नसतो. तर सरळच सांगतो (माझ्या मानानं सरळ). सोबत एक कागद जोडला आहे. त्याच्या खाली पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथे तुझी सही हवी. सोमवारच्या आत हवी. ती मिळाली तर माझी नोकरी राहते, साहेबांची अब्रू राहते आणि जिथे तू सत्तावीस वर्षं काढलीस त्या कंपनीचं नाव राहतं. नाही मिळाली तर काय होईल ते लिहायला माझा हात धजत नाही, तरी पुढे ओघात लिहिलंच आहे.

तू निवृत्त झालीस तेव्हा आपलं यंत्र किती साधं होतं! सलाइनची नळी त्यातून जायची, नर्स बटणं दाबून रोग्याचं नाव आणि तासाला किती औषध सोडायचं तो आकडा टाकायची आणि यंत्र इमानानं तेवढंच सोडायचं. अजूनही तेच करतं. फक्त आता नाव बटणांवरून येत नाही, दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून तारेतून येतं. आतला सी भाषेतला प्रोग्रॅम बराचसा तुझाच आहे. आम्ही त्यात खोल्या काढल्या, पोटमाळे चढवले, एका ठिकाणी तर जिना केला आणि तो कुठे जातो हे आता कुणालाच आठवत नाही, पण पाया तुझा. आणि मग दोन वर्षांपूर्वी नियम आला, की अशा यंत्रांचा प्रोग्रॅम एका तपासणाऱ्या सॉफ्टवेअरखालून काढलाच पाहिजे. हे सॉफ्टवेअर प्रोग्रॅम चालवून बघत नाही. नुसतं वाचतं, आणि कुठून बाहेरचा माणूस आत घुसेल, कुठे काय सांडेल, याच्या शंका काढत बसतं. आम्ही त्याला शंकेखोर म्हणतो. पहिल्याच दिवशी त्यानं नऊ हजार सहाशे चौदा शंका काढल्या.

आत्या, नऊ हजार! छापून घेतल्या तर प्रिंटरनं मध्येच जीव सोडला. वीस वर्षं कुणी हात न लावलेल्या ओळीवर शंका, काल सकाळी लिहिलेल्या ओळीवर शंका. एका ओळीबद्दल म्हणे “इथपर्यंत पोचणं शक्य नाही”, आणि तिच्या खालच्याच ओळीबद्दल “इथे पोचल्यास मोठा धोका”. शंभरातल्या नव्वद फुसक्या निघतात हे खरं, पण फुसकी कुठली हे कळायला खऱ्या शंकेइतकाच वेळ जातो, आणि शेवटी ती फुसकी निघाली याचा आनंद व्हावा तर दिवस फुकट गेल्याचं दुःखच जास्त होतं. मी आणि मास्तर (माझ्या समोरच्या टेबलावरचा सोबती, कोणताही प्रश्न विचारला तर आधी प्रस्तावना करतो) दोघांनी मिळून पहिल्या महिन्यात तीस निपटल्या. त्या चालीनं आमच्या निवृत्तीपर्यंतही यादी संपत नव्हती. साहेब रोज येऊन आकडा विचारायचे आणि आकडा ऐकून छातीवर हात ठेवून परत जायचे.

अशा वेळी आम्हाला तू आठवलीस. तुझ्या काळी (ऑफिसात सगळे तुला बाई म्हणायचे) प्रत्येक ओळ तू कागदावर लाल पेन्सिल घेऊन वाचायचीस आणि पटली की तिच्या शेजारी टीप घालायला लावायचीस, “बाईंनी पाहिले”. ती टीप असली की त्या ओळीला कुणी बोट लावत नसे. साहेबांना वाटलं, बाईंनी पाहिलेल्या ओळी शंकेखोराला पुन्हा दाखवायच्या कशाला? म्हणून त्यांनी शंकेखोराला शिकवून ठेवलं, की “बाईंनी पाहिले” दिसलं की गप्प बसायचं. विचार चांगलाच होता. पण आठवड्याभरात आमच्यातल्या कुणाच्या तरी लक्षात आलं, की ही टीप कुणालाही लिहिता येते. (कुणाच्या, ते नेमकं ठाऊक नाही.) मग काय, तुझी नजर चौफेर फिरायला लागली. तू गेल्यावर लिहिलेल्या ओळी तू पाहिल्यास, तुझ्या वेळी शोधच न लागलेल्या गोष्टींच्या ओळी तू पाहिल्यास. गेल्या महिन्यात तुझ्या डोळ्यावर पट्टी होती, त्या आठवड्यात तू शेहेचाळीस ओळी पाहिल्यास. आकडा भराभर उतरला, शून्यावर आला, आणि साहेबांनी एका मोठ्या कागदावर शून्य छापून आपल्या खुर्चीमागे डकवलं. त्यांच्या डोक्यामागे ते अगदी प्रभावळीसारखं दिसायचं.

गेल्या सोमवारी सरकारकडून तपासणीच्या बाई आल्या. हळू बोलणाऱ्या, बसायला स्वतःची उशी घेऊन येणाऱ्या. मी म्हटलं, यांच्याकडून आपल्याला काय त्रास होणार! त्यांनी चहा घेतला, शून्य पाहिलं, छान आहे म्हणाल्या, आणि मग अगदी सहज म्हणाल्या, “त्या टिपांकडे दुर्लक्ष करून एकदा चालवून दाखवता का?” मास्तरनं प्रस्तावना सुरू केली, ती संपेना म्हणून बाईंनी स्वतःच उठून चालवलं. नऊ हजार आठशे दोन. (मधल्या काळात वाढल्या होत्या.) साहेब शून्याखाली बसून राहिले. बाई मात्र रागावल्या नाहीत. यादीतून त्यांनी एकच शंका काढली, तिच्याखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, ही खरी वाटते, आजच करून बघा, काय झालं ते मी पुढच्या सोमवारी येऊन विचारीन.

ती शंका अशी. रोग्याच्या नावासाठी यंत्रात बत्तीस अक्षरांचा खण आहे, आणि त्याला लागूनच औषधाच्या वेगाचा खण. नाव आलं की ते पहिल्या खणात ओतायचं. ओतताना किती आहे ते मोजायला हवं, आणि त्या ओळीत ते मोजलेलं नाही. तुझी टीप तिथे आहे, “नाव कीपॅडवरून येते, वीस अक्षरांनंतर कीपॅड थांबतो”, आणि तिच्याखाली अर्थातच “बाईंनी पाहिले”. आम्ही तळमजल्यावरच्या खोलीत एक यंत्र मांडलं, नळी बादलीत सोडली, वेग तासाला पाच मिली ठेवला, आणि मास्तरनं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तारेतून एक नाव पाठवलं, सगळ्या पदव्या, वडिलांचं, आजोबांचं आणि गावचं धरून एक्केचाळीस अक्षरांचं. यंत्रानं ते निमूट घेतलं. तेहेतिसावं अक्षर शेजारच्या खणात सांडलं. मग यंत्र असं काही सुटलं, की अख्खी बाटली आम्ही बघत असताना बादलीत रिकामी झाली. पडद्यावर मात्र शांतपणे पाचच दिसत होतं. बादली कलंडली, फरशी भिजली, आणि पुसायला आलेल्या मावशी आम्हा दोघांना म्हणाल्या, “शिकलेली माणसं ना तुम्ही? बाटली उपडी होताना बघत काय उभे राहिलात?”

अशी चौदाशे यंत्रं बाहेर आहेत. त्या तारेपाशी पोचणारा कुणीही उपद्व्यापी माणूस असं नाव पाठवू शकतो, त्याला आमच्या मास्तरइतकंसुद्धा डोकं लागणार नाही. दुरुस्ती म्हणशील तर एका ओळीची आहे, ती मी मंगळवारी चहा निवायच्या आत केली. पण यंत्रं तारेतून बदलता येत नाहीत, एकेक खाटेपासून काढून, उघडून, हातानं बदलायची. म्हणजे सगळ्या दवाखान्यांना कळवायचं, म्हणजे सगळ्यांना कळणार. साहेबांची पाचावर धारण बसली आहे. त्यांनी नियमांचं पुस्तक दोनदा वाचून त्यात एक पळवाट शोधली: जो दोष मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं पूर्वीच पाहून “धोका नाही” असं ठरवलं असेल, तो दुरुस्त करायला वर्षाची मुदत मिळते, आणि कुणाला कळवावंही लागत नाही. मूळ लिहिणारी तू. टीप तुझी. सोबतच्या कागदावर एवढंच लिहिलं आहे, की ही ओळ मी पाहिली होती आणि मला धोका वाटला नव्हता. साहेब म्हणाले, त्या निवृत्त आहेत, त्यांचं काय वाकडं होणार? शिवाय इतकं लांब नाव असतं कुणाचं? मग ते म्हणाले, तुमच्या आत्याच आहेत ना, तुम्हीच लिहा.

गेला आठवडाभर माझं कशात लक्ष नाही. आंघोळीची बादली भरायला लावली की मी नळापाशीच उभा राहतो. काल तुझ्या सुनेनं पाण्याची बाटली भरायला दिली तर मी विचारलं, किती भरू? ती म्हणाली, “मावेल तेवढी भर. माणसं भरताना बाटलीकडे बघतात, तसं बघ.” आत्या, जे मला आणि मास्तरला कळलं नाही ते तिला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळतं. मी बाटली खाली ठेवली आणि बाल्कनीत जाऊन बसलो. धाकटीनं येऊन विचारलं, बाबा कंबर दुखते का? मी हो म्हणालो. हल्ली सगळं त्या कंबरेवर ढकलतो.

तर आत्या, एवढी सही कर. तुझं वय झालं आहे, तुझं नाव मोठं आहे, त्याला एका ओळीनं काय होणार? माझं नाव मुळातच लहान आहे. मला या वयात दुसरीकडे कोण घेणार? मुलांच्या शाळा आहेत, आईचं सगळं माझ्यावर आहे, हे तुला मी सांगायला नको. कागद सोबतच्या पाकिटात आहे, पाकिटावर पत्ताही घातला आहे. डोळ्याला जप. शेजारणीशी जरा सबुरीनं घे.

तुझा,
नेहमीसारखाच अडकलेला भाचा

ता. क. तुझी टीप मी वर अर्धीच उतरवली. पूर्ण अशी आहे: “नाव कीपॅडवरून येते, वीस अक्षरांनंतर कीपॅड थांबतो. उद्या दुसरीकडून येऊ लागले तर इथे आधी मोजावे, मगच ओतावे.” वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

आणखी एक ता. क. तार जोडण्याचं काम चार वर्षांपूर्वी माझ्याकडे होतं. ती टीप माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती वाचली नाही. दोन वर्षांपूर्वी शंकेखोरानं त्याच ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा वैतागून तिच्याखाली “बाईंनी पाहिले” हे मीच लिहिलं. टीप कुणालाही लिहिता येते हे ज्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं, तो मीच. तू तर तेव्हा त्या इमारतीत पाऊलसुद्धा टाकत नव्हतीस.

शेवटचा ता. क. साहेबांना शब्द दिला होता म्हणून कागद पाठवला. सही करू नकोस. रविवारी मी स्वतः येईन, साहेब पाठवणारच आहेत. मुलांना पुढे करीन, आईचं नाव काढीन, बहुधा रडेनसुद्धा, मी स्वतःला ओळखून आहे. तरी पेन हातात धरू नकोस. तुझी सही मिळाली नाही, तर सोमवारी तपासणीच्या बाईंना खरं सांगण्यावाचून माझ्यापुढे काहीच उरणार नाही, आणि मी ते एरवी सांगणार नाही. ती यंत्रं आत्ता कुणाकुणाच्या खाटेशेजारी चालू आहेत. तू फक्त नाही म्हण, आत्या.