काचेवर टेकवलेलं बोट

४ जानेवारी
पोचले एकदाची. बंगळूरात यशवंतपूरला उतरल्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटी येईस्तोवर सगळा जत तालुका पालथा घालून झाला असता. नात शाल्मलीला पाचवा लागलाय, म्हणून मला आणलं. मागच्या खेपेला टिकलं नाही. नातजावई प्रणीत भला आहे. माझी भाकरी खातो आणि आधी तिचा फोटो काढतो. इथं बोलायला कोणी नाही, म्हणून चौथीच्या अक्षरात ही वही.

७ जानेवारी
आभाळातून काढलेले दुष्काळी मुलखाचे फोटो बघायचे, झाडोरा कुठं वाढला, कुठं उजाडला ते नकाशात रंगवायचं, ही शाल्मलीची नोकरी. हिरवं असेल ते तिच्या यंत्रात लाल दिसतं. म्हटलं, डोळे तपासून घ्या त्याचे. आज नेमका आमचा माळ निघाला. शाल्मली म्हणाली, आजी, कुठं काय आहे ते दाखव. विहिरीवरचा लिंब, म्हसोबाची चिंच, ओढ्याकाठच्या बाभळी. काचेवर बोट टेकवून दाखवलं. गंमत वाटली.

१२ जानेवारी
माळाचा नवा फोटो आला. मी दाखवली तेवढीच झाडं राखाडी. शेजारची लालच. शाल्मली म्हणते, ढगाची सावली असेल. सावली काय मला विचारून पडते?

१३ जानेवारी
गावी भाच्याला, कृष्णाजीला फोन लावला. लिंब उभाच्या उभा वाळलाय म्हणाला, पाल्यासकट. विहिरीला पाणी आहे.

१५ जानेवारी
भांडीवाली यल्लव्वा विजापूरकडची. तिला सांगितलं तर घासणी तशीच हातात राहिली. म्हणाली, अज्जी, कोवळ्या काकडीला बोट दाखवलं तर सडते, ठाऊक नाही काय? ठाऊक नसायला काय झालं. वेलीपाशी बोट वाकवूनच दाखवायचं, आईनं हातावर मारून शिकवलं होतं. पण काचेपुढं कोण बोट वाकवतं? चुकून दाखवलं तर, विचारलं. म्हणाली, आपलंच बोट चावायचं. तेव्हाच.
तेव्हाच. आता चावून काय.

१९ जानेवारी
प्रणीतला म्हटलं, गॅलरीतल्या त्या टोमॅटोला पाणी घाल. म्हणताना बोट गेलं तिकडं. सकाळी कुंडीत काळा चिखल. तो म्हणतो, बंगळूरची हवा.
बोटाला चिंधी गुंडाळली. विळी लागली म्हणून सांगितलं. पोरीच्या पोटाकडं बघायचंसुद्धा नाही. बाळाची टोपी विणत होते, तीही ठेवून दिली.

२३ जानेवारी
शाल्मली दवाखान्यातून हसत आली. हातात फोटो. काळा, राखाडी. तिच्या माळासारखाच. म्हणाली, चिंधी ओली झालीय, काढ बघू. आणि स्वतःच सोडली. माझं बोट धरलं. हे बघ आजी, डोकं, म्हणत टेकवलं—
वाकवलं मी. लगेच वाकवलं. पण आधी टेकलं की आधी—
चावलं. रक्त येईपर्यंत. ती म्हणाली, म्हातारीला वेड लागलं.

२४ जानेवारी
कालपासून हालत नाही म्हणते. झोपलं असेल म्हटलं. झोपतात बाळं. माझी सगळी—
प्रणीत गाडी काढायला गेलाय.
ती आत हाक मारतेय. आजी, ये ना.
येते गं. विळी इथंच आहे. आधी हे बो—