शंभरातले पंधरा

प्रिय फिरकी,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मध्येच हसतेस, मग मीही हसते आणि मुद्दा राहून जातो. आज तसं होऊन चालणार नाही. लहानपणी तू एका जागी टिकायची नाहीस म्हणून बाबांनी तुला फिरकी नाव ठेवलं. आता निदान ही दोन पानं संपेपर्यंत बूड टेकून बस.

आपली पैज आठवतेय ना? बाबा गेल्यावर तू दुकानात उभी राहून म्हणालीस, आई, शिलाई मशिनं आता दुरुस्त कोण करून घेतं, शटर ओढ आणि माझ्याकडे राहायला चल. मला राग आला होता. तुझ्या घरी खुर्चीत बसून मी काय करणार, तुझ्या येण्याजाण्याच्या वेळा मोजणार? म्हणून ताडकन बोलून गेले, की सहा महिन्यांत जुनी दहा मशिनं दुरुस्त करून लिलावाच्या साइटवर विकीन, सगळा खर्च वजा जाऊन हाती काही उरलं तर दुकान राहील, नाहीतर मी तुझ्याकडे येईन. तू हात पुढे केलास आणि वर मला साइटवर खातंही तूच उघडून दिलंस. शत्रूला तलवार धार लावून देणारी तू एकटीच.

पहिलं मशीन चार हजाराला गेलं तेव्हा मी दुकानात एकटीच नाचले, शेजारचा चष्मेवाला काचेतून बघत होता. मग हिशोबाचा कागद उघडला. जाहिरात टाकल्याचे पैसे वेगळे, मशीन विको न विको. जास्तीच्या फोटोंचे वेगळे. नाव ठळक अक्षरात दिसावं म्हणून मी हौसेने एक खूण केली होती, तिचेही वेगळे. विक्रीवर शेकडा बारा आणि पैसे खात्यात पोचवायचे शेकडा तीन. बरं, हे बारा आणि तीन नुसत्या मशीनच्या किमतीवर नाहीत गं, टपालखर्चही धरून! आणि मी शहाणी, बिडाच्या जडशीळ लोखंडी पायासकट मशीन पाठवलेलं. आपल्या धंद्यात पाय काढून मशीन देणं म्हणजे नवरीला अनवाणी पाठवणं, असं बाबा म्हणायचे. त्या पायाचं टपाल भरलं, टपालावर साइटला वाटा दिला, आणि आठ दिवसांच्या मेहनतीचे माझ्या हाती तीनशे उरले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

तुला तेव्हा हे सांगितलं नाही. फोनवर म्हणाले, छान चाललंय. दुसऱ्या मशीनला मी आणखी हुशारी केली. अमुक किमतीखाली विकायचं नाही, अशी आतली किंमत लपवून ठेवायची सोय आहे, ती घेतली. मशीन विकलं गेलं नाहीच, पण किंमत लपवल्याचे पैसे मात्र कापले गेले. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा पैसे. शेवटी एका दुपारी शटर अर्धं ओढलं, चष्मा पुसला आणि त्या साइटची सगळी नियमावली मोठ्याने वाचून काढली. चष्मेवाल्याला वाटलं मी पोथी वाचतेय.

तिथून गाडी रुळावर आली. बिडाचे पाय मी इथेच ठेवून घेतले आणि नुसतं वरचं मशीन विकायला लागले. बाबांची क्षमा मागून, हं. फोटो फुकट तेवढेच, अक्षरं साधी, लपवाछपवी बंद, आणि बोली पहिल्यापासूनच अशी की साइटने आपला घास घेतल्यावरही माझ्या ताटात काही उरावं. मधल्या काळात, जेव्हा दोन जाहिराती बोलीवाचून पडून होत्या आणि मी खरंच हात टेकायच्या बेतात होते, तेव्हा एक देवमाणूस भेटला. एका बेकरीच्या पत्त्यावर लागोपाठ तीन मशिनं मागवली त्याने. गाव तुझंच. मला वाटलं, तू कुणाकडे तरी माझं नाव काढलं असशील. बेकरीला तीन शिलाई मशिनं कशाला, असा प्रश्न मला पडला होता, नाही असं नाही. पण मीच स्वतःला समजावलं, पिठाची पोती फाटत असतील. त्याने अभिप्रायही काय झोकात लिहिला होता! ‘टाका सरळ, आवाज मऊ, बाई जाणकार.’ मी तो छापून गल्ल्यावर चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला लावला.

गेल्या रविवारी दहावं मशीन विकलं. सगळं वजा जाता हातात चांगले पैसे उरतात. तुला फोन करून नाक वर करून सांगणारच होते, तेवढ्यात सोमवारी साइटवरून त्या बेकरीवाल्याचा निरोप आला. ‘काकू, तुमची तीन मशिनं माझ्या कोठीत खोकी न फोडताच पडलीयेत. मला पीठ ठेवायला जागा नाही. तुमच्या लेकीला सांगा ना घेऊन जायला, मी सांगितलं की नुसती हसते.’

मीही हसले गं. एवढी हसले की खुर्चीवर बसावं लागलं, आणि मग थोडी रडलेही. मी हरावं म्हणून पैज लावलीस, आणि तूच उघडलेल्या खात्यात मी हरतेय असं दिसल्यावर तुलाच ते बघवलं नाही. वर न उघडलेल्या मशीनचा टाका सरळ म्हणे! आणि वेडे, तू मला पाठवलेल्या प्रत्येक शंभरातले पंधरा त्या साइटने खाल्ले. मायलेकींच्या मध्ये बसून एवढी चैन कुणी केली नसेल.

आता खरा हिशोब ऐक, त्यासाठीच हे पत्र. दहातून तुझी तीन गेली, सात उरली. मी पैज हरले. आणि खरं सांगू? तुला मी हवी आहे हे मला ठाऊकच होतं; तुला माझं कामही हवं आहे, हे त्या तीन खोक्यांवरून कळलं. तुझ्या घरच्या त्या खुर्चीची भीती आता वाटत नाही. बेकरीवाल्याला मी परस्पर विचारलं, त्याच्या दुकानाशेजारची खिडकीची खोली तो भाड्याने देतोय, सात गिऱ्हाइकांपैकी दोघांची घरातली आणखी जुनी मशिनं तिथेच दुरुस्तीला येणार आहेत. इथलं शटर मी बुधवारी ओढतेय. गुरुवारी सकाळी स्टेशनवर ये, आणि एखादी हातगाडी घेऊन ये. अवजारांची पेटी जड आहे, पण ती मी टपालाने पाठवणार नाही.

तुझीच, हरलेली आणि भलतीच खूश,
आई