नव्या इंजिनावरची रेघ

शिरूर,
रविवार, दुपार

प्रिय इरशाद,

माझ्या हातानं काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पत्र कुणाचं हे सही न बघताही तुला कळेल. दौंड स्टेशनचा जुना पूल, दोन्ही जिने मिळून अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून एकेक कापलेली. एकेचाळीस डबे, खिडक्यांना आडवे गज. पाण्याची टाकी. नऊ सिग्नल, नऊच्या नऊ पेटणारे. सहा डिझेल इंजिनं, धुरानं काळवंडलेली दिसावीत म्हणून काजळीचा हात मारलेली. फलाटाच्या टोकाला हिरवं निशाण घेऊन उभे तुझे अब्बा, इलाहीचाचा, पाऊण इंच उंचीचे. बाकावर त्यांचा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली तुझी अम्मी, लालबीचाची. तिच्या ओढणीसाठी मी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद वापरला होता, तो तुला पटला नव्हता. यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. दहावीला आपटलो आणि लेथवर उभा राहिलो, पुढचं सगळं बघून बघून आलं. 'बघून' हा शब्द लिहिताना हात अडखळला. तिकडंच यायचंय मला, पण एकदम येववत नाही.

तू इथून गेलास त्याला येत्या दिवाळीला सहा वर्षं होतील. तुझी वहिनी सीमा बरी आहे. तुझ्या हातची खिमा-पोळी पुन्हा कधी, असं ती अधूनमधून विचारते आणि मी विषय बदलतो. माझं हे छोटं दौंड अजून वरच्या खोलीतच आहे, पत्र्याच्या छपराखाली, चौदा फूट लांब. खऱ्या दौंडात वरून विजेच्या तारा आल्या, मनमाडकडच्या कितीतरी गाड्या आता बाहेरच्या बाहेर निघून जातात. माझ्याकडं मात्र अजून गाडी आत येते, इंजिन सुटतं, फिरून दुसऱ्या टोकाला लागतं. आठवतं, शाळा बुडवून पुलावर बसायचो ते? इंजिन सुटलं की तू श्वास धरायचास आणि जोडलं गेल्याचा आवाज आला की सोडायचास. मी तेवढ्यात नंबर लिहून घ्यायचो. डोळा माझा तेज, तुझा कान, असं इलाहीचाचा म्हणायचे.

आता हसशील. मी इंजिन विकत मागवलं. आयुष्यात पहिल्यांदा. तारांखालचं, विजेचं, पांढऱ्या अंगावर लाल रेघेचं, साधारण वीतभर लांब. लोकांना सांगितलं की नोकरीतून वेळ होत नाही. तर या इंजिनाचा पहिला लॉट खराब निघाला होता. कुशीवरची लाल रेघ दारापाशी वाकडी छापलेली आणि आतलं दातेरी चाक प्लॅस्टिकचं, महिन्याभरात तडकणारं. मग कंपनीनं सुधारून दुसरा लॉट काढला. रेघ सरळ, चाक पितळेचं, खोक्यावरच्या नंबरापुढं 'बी'. पण जुनी खोकी दुकानांतून पडून असतात, बेसावध माणूस दिसला की तीच गळ्यात मारतात. मी बेसावध नव्हे. पुण्याच्या दुकानात फोनवर तेजश्री नावाची मुलगी असते, तिला मी खोक्याच्या नंबराचा फोटो मागितला, मग इंजिन उलटं करून पोटाचा फोटो, मग रुळावर चालतानाचा व्हिडिओ. "काका, लग्नाला मुलगी बघताना पण एवढं विचारत नाहीत," म्हणाली. म्हटलं, तिथंच चुकतात ना लोक.

पार्सल आलं. खोक्यावर 'बी' होता. मी नेहमीसारखं उजव्या डोळ्याला भिंग लावलं, आणि रेघ वाकडी! दाराजवळ, बरोब्बर जिथं जुन्या मालात वाकडी असते तिथं. म्हणजे खोकं नवं आणि माल जुना. मी तेजश्रीला नको ते बोललो आणि इंजिन परत पाठवलं. तिनं दुसरं पाठवलं. तेही वाकडं. तिसऱ्याच्या वेळी ती मुलगी आवाज न चढवता म्हणाली, "काका, रागावू नका. तुमच्याकडं स्टीलची फूटपट्टी असेल ना? ती त्या रेघेवर धरा आणि मला सांगा." मला वाटलं, आता सापडली. माझी पट्टी तू पाहिली आहेस. लेथवर लागलो त्या वर्षी घेतलेली, तीस वर्षं खिशात बाळगलेली. तिच्यावर मी फॅक्टरीतल्या इंजिनिअरांच्या चुका काढल्या आहेत. ती मी रेघेवर टेकवली आणि भिंगातून पाहिलं.

इरशाद, पट्टी वाकली होती.

अगदी त्याच जागी, रेघेसारखीच, उन्हात रबर मऊ पडावं तशी. मी भिंग पुसलं. दुसरं भिंग घेतलं. पट्टी उलटी धरली. मग भिंग काढून डावा डोळा झाकला आणि खिडकीकडं पाहिलं, तर खिडकीचे गजही मधोमध वाकलेले. फोनवर ती "काका? काका, आहे का सरळ?" विचारत होती. मी म्हणालो, आहे, बरोबर आहे, मिळालं. आणि खाली बसलो. पंखा चालू असताना शर्ट भिजला माझा.

तेव्हापासून एकेक उलगडत गेलं. गेल्या वर्षी मी दोन इंजिनं करायला घेतली होती, दोन्ही वाकडी झाली. मी पत्र्याला दोष दिला, लेथच्या बेअरिंगला दिला, पत्रा देणाऱ्याशी भांडलो. खरं कारण मला तेव्हाही आतून ठाऊक असावं, म्हणूनच तर विकत मागवलं. रांजणगावच्या फॅक्टरीत पाठदुखीचं सांगून रजा टाकलीय, कारण लेथच्या फिरत्या चकजवळ बोट किती अंतरावर आहे याची मला आता खात्री नाही. आणि हे मी कुणालाच बोललो नाही. डावा डोळा झाकून सीमाकडं पाहिलं की तिचं कुंकू दिसतं, कान दिसतात, मध्ये चेहऱ्याच्या जागी पाण्याचा डाग.

पुण्याला एकटा जाऊन आलो. साखर वाढून डोळ्याच्या पडद्याला सूज आली आहे. उजवा बराच गेलाय, डाव्यात सुरुवात. डॉक्टरांनी चौकटींचा कागद दाखवला, मला मधल्या चौकटी वितळलेल्या दिसल्या. डोळ्यात सुया द्याव्या लागतील, महिन्याला एक. आहे ते टिकेल अशी आशा धरायची, गेलेलं किती परत येईल ते आताच सांगता येत नाही. मी बाया, मुलं, म्हातारे यांच्यामध्ये बाकावर बसलो होतो. शेजारच्या आजींनी विचारलं, "कोण सोबत नाय का रं, बाबा?" मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

त्या बाकावर मला तुझं येणं आठवलं. रेल्वेच्या मेडिकलमध्ये डोळ्यांत नापास झालास, बावीस वर्षं इंजिन चालवल्यावर तुला त्यावरून उतरवून टेबलावर बसवलं, आणि त्याच आठवड्यात तू न्हावऱ्यावरून एसटीनं माझ्याकडं आलास. कशाला आला होतास ते मी विचारलंसुद्धा नाही. पुण्याचे चार शौकीन माझं दौंड बघायला आले होते आणि मी ऐटीत होतो. तू बराच वेळ वाकून पाहिलंस आणि हळूच म्हणालास, "सोपान्या, आरं ह्यो सिग्नल डावीकडं न्हाई. उजवीकडं हाय." आणि मी चौघांदेखत म्हणालो, रेल्वेनं ज्याला आंधळा म्हणून खाली उतरवला, तो मला सिग्नल दाखवतोय. ते हसले. तू चष्मा काढून खिशात ठेवलास. चहा तसाच राहिला. जिना उतरताना तू कठडा धरला होतास, ते मी पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी मी दौंडला जाऊन सिग्नल बघून आलो. उजवीकडं होता. मी माझाही उजवीकडं बसवला, रंगसुद्धा जुन्या रंगाशी जुळवला आणि तुला कळवलं नाही. सहा वर्षं.

फोन केला असता, पण फोनवर मी पुन्हा ऐट केली असती. कागदावर ती जमत नाही. हा रेघांचा कागद आहे. डाव्या डोळ्यानं लिहितोय, तरी मधली रेघ हलते. अक्षर वर-खाली गेलं असेल तर समजून घे.

पहिली सुई येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी आहे, सकाळी दहाला. सोबत माणूस आणायला सांगितलंय. सीमाला मी सांगणार आहे, पण आधी मला ज्याला हे ठाऊक आहे असा माणूस हवाय. तू त्या दिवशी घाबरला होतास का रे? किती? मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी घाबरतो. आदल्या दिवशी ये. वर चल. नवं इंजिन मी अजून रुळावर ठेवलेलं नाही. ते तू ठेव, रेघ सरळ आहे का ते तू सांग, आणि सिग्नल उजवीकडं आहे का तेही. तू सांगशील ते मी धरीन. मग गाडी आत घेऊ, इंजिन सोडू, तू श्वास धर. जोडल्याचा आवाज तर मलाही येईल.

त्या चौघांतला एक परवा परत आला होता. पूल, सिग्नल, तुझे अब्बा-अम्मी, सगळ्यासकट दौंड मागत होता, ट्रकसुद्धा त्याचाच. माझ्या डोळ्यांचं त्याला काही माहीत नाही. उपचाराला पैसा लागणार, हे मला माहीत आहे. तरी म्हटलं, ज्यानं यातली चूक काढली त्यानं ती दुरुस्त झालेली अजून पाहिलेली नाही, तोवर हे हलणार नाही. सव्वातीन लाख देत होता.

तुझाच,
सोपान