धाकटीच्या तोंडून

लाडके धाकटे,

तू लेकीकडे राहायला जाताना दिलेला फोन झकास चालतो. समोरचा माणूस बोलला की सगळं पडद्यावर लिहून येतं. "आता माझ्यावाचून तुझं अडणार नाही," म्हणून तू केवढी खूश झाली होतीस!

पहिल्याच दिवशी मी तो कारखान्यात शिलाई मशीनवर उभा करून ठेवला. मास्तर आले, त्यांनी माझी काजं पाहिली आणि अक्षरं उमटली, "हिला सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं." मला वाटलं, फोनच बिघडला. इतकी वर्षं शेजारच्या मशीनवरून माझ्याकडे वळून, ओठ सावकाश हलवत तू सांगायचीस, "मास्तर म्हणतात, ताईंच्या कामाला तोड नाही." आणि मी मास्तरांकडे बघून चक्क लाजायचे! काय वेडी दिसत असेन गं.

वाणी, डॉक्टर, वरच्या मजल्यावरची बाई, सगळे तुझ्या तोंडून किती गोड बोलायचे. या मेल्या फोनला काही गाळताच येत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला कळलं तर सगळं सोडून परत येशील.

आज जिन्यात वरची बाई भेटली. पडद्यावर आलं, "ही म्हातारी नेमकी वाटेत उभी राहते." मी फोन पिशवीत टाकला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "त्या विचारताहेत, ताई, बऱ्या आहात ना?"

मी हसून म्हणाले, "बरी आहे हो. तुम्ही कशा आहात?"

तुझी,
ताई